सोया मेणबत्तीचा दरवळ खोलीभर कसा पसरवावा

झाकण काढून नाकाजवळ धरली की मन प्रसन्न करणारी सोया मेणबत्ती पेटवून तास उलटला, तरी खोलीत शिरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी दोष सुगंधाच्या दर्जाला दिला जातो, आणि मेणबत्ती घरी केलेली असेल तर पुढच्या वेळी सुगंधी तेलाचे प्रमाण वाढवले जाते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तेल पुरेसे असते. त्याची मेणातून बाहेर पडण्याची वाट तेवढी अडलेली असते. म्हणून आधी ती वाट समजून घेतली पाहिजे.

सुगंध कुठून येतो

ज्योत सुगंध पसरवते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वातीतून वर चढलेले मेण ज्योतीच्या उष्णतेने वायुरूप होऊन जळते, आणि त्या मेणाबरोबर वर आलेले सुगंधी तेलही बहुतांशी जळूनच जाते. खोलीत दरवळणारा सुगंध वातीभोवती साचलेल्या पातळ मेणाच्या तळ्यावरून उडालेला असतो. या तळ्याचे तापमान सुगंधी घटकांच्या उत्कलनबिंदूच्या पुष्कळ खाली असते. तरीही, ओल्या कापडातले पाणी न उकळता वाळते त्याप्रमाणे, हे घटक पृष्ठभागावरून हळूहळू हवेत मिसळत राहतात. ज्योत दोन कामे करते. ती मेण वितळवून तळे तयार करते आणि आपल्याभोवतीची हवा तापवून वर ढकलते. वर गेलेल्या हवेची जागा घेण्यासाठी बाजूची हवा बरणीच्या काठावरून आत उतरते, तळ्यावरून वातीकडे सरकते आणि जाता जाता सुगंध उचलून वर नेते.

तळ्याच्या आकाराला किती महत्त्व आहे हे साध्या गणितानेही कळते. आतून ८ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीत काठापर्यंत मेण वितळले, तर तळ्याचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होतो. तेच तळे ५ सेंटिमीटर व्यासावर अडले, तर पृष्ठभाग २० चौरस सेंटिमीटरपर्यंतही पोचत नाही. व्यासात फक्त ३ सेंटिमीटरचा फरक पडला, पण सुगंध सोडणारी जागा निम्म्याहूनही कमी झाली. मेणात कितीही उत्तम तेल घातलेले असले, तरी ही तूट त्याने भरून निघत नाही.

सोया मेणाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच लागू होते. सोया मेण म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले सोयाबीनचे तेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मेणबत्तीसाठी वापरात आले; त्याआधीपासून सर्वत्र रूढ असलेले पॅराफिन मात्र खनिज तेलापासून मिळते. बरणीत ओतण्याजोगे सोया मेण साधारणपणे ४५ ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते, पण वितळल्यावरही ते पॅराफिनपेक्षा दाट असते. त्यामुळे ते वातीतून सावकाश चढते आणि त्याच जाडीच्या वातीवर ज्योत लहान राहते. शिवाय ते मुळात तेलच असल्यामुळे सुगंधी तेल त्यात चांगले विरघळते आणि सहजासहजी सुटत नाही. सोया मेणबत्तीचा सुगंध मंद असतो असे म्हणतात, त्यामागे ही कारणे आहेत. आणि दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे तळे पुरेसे रुंद, पुरेसे उबदार आणि पुरेसा वेळ टिकणारे ठेवणे.

पहिल्यांदा पेटवताना

नव्या मेणबत्तीची पहिली जळणी सर्वांत महत्त्वाची असते, आणि नेमकी तिच्याच बाबतीत घाई होते. थोडा वेळ पेटवून, वास पाहून मेणबत्ती मालवली, तर वातीभोवतीचे मेण खाली जाते आणि काठाचे मेण तसेच राहते. पुढच्या वेळी ज्योत या खळग्यात, म्हणजे मेणाच्या भिंतीआड जळते. तिची उष्णता काठापर्यंत पोचत नाही आणि खळगा दर जळणीला खोल होत जातो. अखेरीस मध्ये विहिरीसारखे भोक पडते, वात स्वतःच्याच मेणात बुडू लागते आणि निम्मे मेण, त्यातल्या सुगंधासह, कडेला वाया जाते.

म्हणून पहिल्या खेपेला वितळलेले मेण बरणीच्या काठाला सर्व बाजूंनी टेकेपर्यंत मेणबत्ती मालवू नये. बरणीच्या आतल्या व्यासाच्या दर २.५ सेंटिमीटरला सुमारे १ तास, असा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे ८ सेंटिमीटरच्या बरणीसाठी ३ तासांहून थोडा अधिक वेळ हाताशी हवा. तेवढा वेळ घरात थांबणे शक्य नसेल, तर त्या दिवशी मेणबत्ती पेटवूच नये. दुसऱ्या बाजूने पाहता, एका वेळी ४ तासांपेक्षा जास्त जाळण्यानेही काही साधत नाही. तळे फार खोल होते, वात डळमळीत होऊन मधोमध राहत नाही, तिच्या टोकावर काजळी साचते आणि बरणी नको इतकी तापते. तळ्याची खोली साधारण ६ ते १२ मिलिमीटर असली की ते योग्य समजावे.

मेणबत्तीत आधीच खळगा पडला असेल, तरी ती टाकून देण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा बरणीच्या तोंडावर कडेने गुंडाळावा, मध्ये ज्योतीला हवा मिळेल एवढे ३-४ सेंटिमीटरचे छिद्र मोकळे सोडावे आणि मेणबत्ती पेटवावी. अडवलेल्या उष्णतेने काठाचे मेण अर्ध्या ते एका तासात वितळू लागते. हा सगळा वेळ जवळ बसून लक्ष ठेवले पाहिजे आणि फॉइल काढताना ती चांगलीच तापलेली असते हे विसरू नये. खळगा फार खोल असेल, तर आधी वात न दुखावता कडेचे थोडे मेण चमच्याने खरवडून काढावे लागते.

वातीची निगा

प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी वात ५ ते ६ मिलिमीटर एवढीच ठेवून वरचा जळका भाग कापावा. ही सूचना बहुतेक बरण्यांवर छापलेली असते आणि बहुतेक जण ती वाचून सोडून देतात. लांब वातीची ज्योत मोठी दिसते, त्यामुळे सुगंधही जास्त पसरत असेल असे वाटते. पण तशा ज्योतीला पुरेशी हवा न मिळाल्याने धूर होतो, वातीच्या टोकाला काजळीचा गड्डा धरतो आणि त्या धुराचा करपट वास नाजूक सुगंधाला झाकून टाकतो. उलट वात फार आखूड कापली, तर ज्योत तळ्यातच गुदमरते आणि तळे काठापर्यंत पोचत नाही. लाकडी वात असेल तर ती याहूनही आखूड, साधारण ३ मिलिमीटर ठेवावी लागते, कारण लाकडातून मेण फार उंच चढत नाही. कापलेले तुकडे तळ्यात पडू देऊ नयेत. ते पेटून दुसऱ्या वातीसारखे जळू लागतात आणि धूर करतात.

कापणी नेहमी मेण थंड आणि घट्ट झाल्यावरच करावी. गरम मेणात वात ओढली गेली की ती मध्यावरून सरकते, आणि एकदा एका बाजूला कललेली वात तळेही एकाच बाजूला वाढवते.

खोली, हवा आणि आपले नाक

ठरावीक मेणबत्ती ठरावीक वेळात ठरावीकच सुगंध सोडते. तो किती हवेत विरणार हे खोली ठरवते. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत २७ घनमीटर हवा असते. ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद दिवाणखान्यात, छत तेवढ्याच उंचीवर असले तरी, ९० घनमीटर हवा असते, म्हणजे तिपटीहूनही अधिक. लहान खोलीत भरून राहणारी मेणबत्ती मोठ्या खोलीत फिकी पडली, तर त्यात तिचा दोष नाही. मोठ्या जागेत एक मोठी मेणबत्ती मध्ये ठेवण्यापेक्षा एकाच सुगंधाच्या दोन मध्यम मेणबत्त्या दोन टोकांना ठेवलेल्या मला अधिक परिणामकारक वाटतात, कारण तळ्याचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि सुगंध दोन्ही बाजूंनी येतो.

मेणबत्ती वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. पंख्याखाली किंवा उघड्या खिडकीत ज्योत फडफडते, एका बाजूला झुकते, तळे वेडेवाकडे होते आणि उडालेला सुगंध खोलीत साचण्याआधीच बाहेर जातो. पहिला तासभर दारे-खिडक्या लोटून घ्याव्यात, तळे तयार होऊन सुगंध भरला की हवा थोडी खेळू द्यावी. मेणबत्ती जमिनीवर किंवा उंच फडताळावर न ठेवता टेबलाच्या उंचीवर, मोकळ्या आणि न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी. बंद कोनाडा तर सर्वथा टाळावा. तिथे सुगंध अडतो आणि वरचा भाग तापून आगीचा धोकाही निर्माण होतो.

यापुढे एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे चांगल्या मेणबत्त्यांवर विनाकारण ठपका येतो. एकाच वासात बसून राहिलो की नाक त्या वासाला सरावते आणि मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. मेणबत्ती शेजारी ठेवून तासभर वाचत बसलेल्या माणसाचा निर्णय म्हणूनच भरवशाचा नसतो. सुगंध किती पसरला आहे हे पाहायचे असेल, तर खोलीतून बाहेर पडावे, १५-२० मिनिटे मोकळ्या हवेत घालवावीत आणि मग परत यावे. दारात पहिल्या दोन श्वासांत जे जाणवेल तेच खरे. त्याहून चांगले म्हणजे आत्ताच घरी आलेल्या कुणाला तरी विचारावे. रोज एकच सुगंध जाळणाऱ्यांना तो हळूहळू कमी वाटू लागतो, त्यामागेही हीच सवय असते. दोन-तीन निरनिराळे सुगंध आलटून पालटून वापरले की ही अडचण पुष्कळ कमी होते.

मालवणे आणि झाकून ठेवणे

फुंकर मारून मालवलेल्या वातीचा धूर काही मिनिटांत सगळ्या खोलीचा ताबा घेतो आणि तीन तासांत जमलेला सुगंध त्याखाली दडपला जातो. टोकाला वाकवलेल्या धातूच्या काडीने वात क्षणभर तळ्यात बुडवून लगेच सरळ उभी केली, तर धूर जवळजवळ होत नाही आणि वातीला मेण लागल्याने ती पुढच्या वेळी चटकन पेटते. ज्योतीवर टोपी धरून मालवणेही चालते. मालवल्यानंतर तळे गरम असेपर्यंत सुगंध येतच राहतो, म्हणून बरणी लगेच झाकू नये. मेण घट्ट झाले की मात्र आठवणीने झाकण लावावे. उघड्या मेणबत्तीतले हलके घटक महिनोन्महिने उडत राहतात आणि वर धूळही बसते, जी नंतर वातीत अडकते. बरणी उन्हात किंवा उष्ण कपाटात ठेवू नये, कारण सोया मेण कमी तापमानाला मऊ पडते आणि सुगंधी तेल वर झिरपते.

पेटलेल्या मेणबत्तीच्या तळ्यात वरून अत्तर, सुगंधी फवारा किंवा तेलाचे थेंब घालण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. तो कृपया पाळू नये. अल्कोहोल असलेले अत्तर ज्योतीजवळ पेट घेते आणि न मिसळलेले तेल तळ्यावर तरंगून भडका उडवू शकते. मेण पेटलेच तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. झाकण किंवा धातूचे ताट ठेवून हवा तोडावी. मेणबत्ती पेटती ठेवून खोली सोडून जाऊ नये. वर सांगितलेली वासाची परीक्षासुद्धा दुसरे कुणी खोलीत बसले असतानाच करावी. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल, किंवा पक्षी अथवा मांजर असेल, तर दरवळ जितका जास्त तितका चांगला हा हिशेब बाजूला ठेवून खोली हवेशीर राखावी.

घरी करताना

स्वतः मेणबत्ती करणाऱ्याच्या हातात तळ्याची रुंदी, मेणातला सुगंध आणि वातीची जाडी हे सगळेच असते, त्यामुळे चुकाही अधिक होतात. पहिली चूक तेलाच्या प्रमाणाची. सोया मेणात सुगंधी तेल साधारणपणे मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्के घातले जाते आणि प्रत्येक मेणाची कमाल मर्यादा ते तयार करणारा सांगतो. २०० ग्रॅम मेणाला ८ टक्क्यांनी १६ ग्रॅम तेल लागते. ते काट्यावर तोलूनच घ्यावे, कारण निरनिराळ्या तेलांची घनता वेगळी असते आणि मापाच्या पेल्यातले १६ मिलिलिटर म्हणजे १६ ग्रॅम नव्हेत. मर्यादेपेक्षा जास्त घातलेले तेल मेणात सामावत नाही. ते पृष्ठभागावर घामासारखे थेंब धरते किंवा तळाशी उतरते, आणि वातीत शिरून तिची मेण ओढण्याची शक्ती कमी करते. ज्योत बारीक होते, तळे आक्रसते आणि जास्त तेलाच्या मेणबत्तीचा सुगंध कमी येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ८ टक्के प्रमाण पक्के धरून आधी वातीचा प्रश्न सोडवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तेल मेणबत्तीसाठीच तयार केलेले असावे. कातडीवर लावायची अत्तरे किंवा पाण्यात मिसळायचे अर्क मेणात नीट मिसळत नाहीत. वनस्पतींपासून काढलेली शुद्ध तेले वापरता येतात, परंतु त्यांतली बरीचशी थंड मेणबत्तीत छान वाटतात आणि पेटवल्यावर हरवतात. याचे कारण घटकांच्या उडून जाण्याच्या वेगात आहे. लिंबूवर्गीय सालींतले लिमोनिन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, लॅव्हेंडरमधले लिनालूल सुमारे १९८ अंशांना, लवंगेतले युजेनॉल २५४ अंशांना आणि व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन सुमारे २८५ अंशांना. उत्कलनबिंदू कमी असलेले घटक उबदार तळ्यावरून झपाट्याने उडतात. सुरुवातीला ते तीव्र जाणवतात आणि लवकर संपतात. जड घटक सावकाश, पण दीर्घकाळ येत राहतात. नुसत्या लिंबाच्या सुगंधाची टिकाऊ मेणबत्ती करणे म्हणूनच अवघड असते. त्याला लाकडाचा, मसाल्याचा किंवा व्हॅनिलाचा आधार दिला की खोलीतला दरवळ अधिक वेळ राहतो.

मेण थेट आचेवर न वितळवता गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे आणि थर्मामीटर वापरावा. बहुतेक सोया मेणांत ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुगंधी तेल घातले जाते, कारण या तापमानाला मेण पूर्ण पातळ असते आणि तेल त्यात सारखे मिसळते. तेल घातल्यावर पुरती दोन मिनिटे, बुडबुडे न होऊ देता, तळ आणि कडा खरवडत सावकाश ढवळावे. मला स्वतःला हे दोन मिनिटांचे ढवळणे सुरुवातीला अनावश्यक वाटत असे आणि मी २०-३० सेकंदांत आटपत असे. त्या वेळच्या मेणबत्त्या वरच्या थरात फिक्या आणि तळाशी उग्र निघत.

तेलाच्या बाटलीवर लिहिलेल्या ज्वलनांकाविषयी एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. ज्वलनांक, म्हणजे फ्लॅश पॉइंट, हे असे तापमान की ज्याला तेलाची वाफ जवळ ठिणगी किंवा ज्योत आल्यास पेट घेऊ शकते. त्या तापमानाला सुगंध ‘उडून जातो’ असे नाही. ज्वलनांक ६५ अंश असलेले तेल ८० अंशांच्या मेणात घालून लगेच ढवळले, तर सुगंध नष्ट होत नाही. मात्र जवळपास उघडी ज्योत असू नये. सुगंधाचे खरे नुकसान होते ते तेल घातलेले मेण बराच वेळ आचेवर ठेवल्याने.

तेल मिसळल्यावर मेण साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत निवू द्यावे आणि किंचित कोमट केलेल्या बरणीत ओतावे. ओतण्याच्या तापमानाचा परिणाम मुख्यतः वरच्या थराच्या गुळगुळीतपणावर होतो. सोया मेणावर नंतर उमटणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी किंवा काचेला सुटलेले डाग हे मेणाच्या स्फटिकांचे आणि आकुंचनाचे परिणाम आहेत. त्यांनी सुगंध कमी होत नाही, म्हणून त्यांच्या मागे लागून वेळ घालवू नये. रंग घालायचाच असेल तर अगदी थोडा घालावा, कारण जास्त रंग वातीत अडकतो.

यानंतर मेणबत्ती मुरू द्यावी लागते, आणि याच ठिकाणी नवशिक्यांचा धीर सुटतो. ओतल्यावर काही तासांत मेण घट्ट दिसते, पण त्यातल्या स्निग्ध पदार्थांची स्फटिकरचना पुढचे अनेक दिवस बदलत राहते. पॅराफिनची मेणबत्ती काही दिवसांत तयार होते. सोया मेणबत्तीला मात्र एक ते दोन आठवडे, झाकण लावून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. एकाच वेळी ओतलेल्या दोन मेणबत्त्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी आणि दुसरी चौदाव्या दिवशी पेटवून पाहिली, तर हा फरक कुणाच्याही सांगण्यावाचून पटतो.

वात निवडताना

घरी केलेल्या मेणबत्तीचा सुगंध पसरत नसेल, तर माझा पहिला संशय वातीवर असतो. मेण, तेल, प्रमाण सगळे योग्य असून केवळ एका क्रमांकाने बारीक वात घातल्यामुळे सुगंध दबलेला मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. वाती मालिकांमध्ये मिळतात आणि त्याच मालिकेत क्रमांक वाढत गेला की वात अधिक मेण ओढते. पॅराफिनसाठी सुचवलेली वात सोया मेणात बहुधा अपुरी पडते. त्यातही दाट किंवा गोड, व्हॅनिलासारख्या तेलांना पातळ तेलांपेक्षा मोठी वात लागू शकते. म्हणून एका सुगंधाला जमलेली वात दुसऱ्यालाही जमेल असे गृहीत धरू नये.

त्याच मेणाच्या, त्याच तेलाच्या आणि त्याच बरणीच्या तीन मेणबत्त्या कराव्यात, वाती मात्र एकापाठोपाठच्या तीन क्रमांकांच्या घ्याव्यात. मुरल्यावर प्रत्येक मेणबत्ती सलग ४ तास जाळावी आणि दर तासाला तळ्याचा व्यास, ज्योतीची उंची, काजळी आणि बाहेरून येणाऱ्याला जाणवलेला सुगंध लिहून ठेवावा. जाळण्याआधी आणि नंतर वजन केले, तर ताशी किती मेण जळते तेही कळते. पूर्ण थंड झाल्यावर वात कापून हीच कृती बरणी संपेपर्यंत पुन्हा करावी, कारण बरणी जशी रिकामी होते तशी तिच्या भिंती उष्णता धरू लागतात आणि सुरुवातीला किंचित बारीक वाटलेली वात निम्म्यानंतर नेमकी बसते. पहिल्याच तासाभरात काठापर्यंत तळे करणारी वात पहिल्या दिवशी आकर्षक वाटते. अर्ध्या बरणीनंतर तीच बरणी हात लावता येणार नाही इतकी तापवते. सुमारे ९ ते १० सेंटिमीटरहून रुंद बरणीत एकच जाड वात घालण्याऐवजी दोन मध्यम वाती घालणे बरे. बरणीचे तोंड मात्र पोटापेक्षा निमुळते नसावे. आत चांगले तळे तयार होऊनही सुगंध गळ्यापाशी अडतो आणि ज्योतीला हवा कमी पडते.

बरणीच्या तळाशी उरलेले मेण

मेण सुमारे १ सेंटिमीटर उरले की मेणबत्ती जाळणे थांबवावे, नाहीतर बरणीचा तळ तापून काच तडकू शकते. पण त्या थरात अजून सुगंध शिल्लक असतो आणि तो मिळवण्यासाठी ज्योतीची गरज नसते. बरणी काही मिनिटे गरम पाण्यात उभी ठेवून मऊ झालेले मेण चमच्याने काढावे, वातीची धातूची चकती वेगळी करावी आणि उरलेले तुकडे विजेच्या वॉर्मरच्या वाटीत ठेवावेत. इथे मेण जळत नाही, फक्त वितळते, त्यामुळे सुगंधाचा कोणताही भाग ज्योतीत खर्ची पडत नाही आणि लहानशी वाटीही छोटी खोली भरून टाकते. मेण मात्र आटत नाही, केवळ निर्गंध होत जाते. म्हणून वाटी भरलेली दिसत असूनही वास येईनासा झाला, की पातळ मेण कागदी रुमालाने टिपून घ्यावे आणि वाटीत नवे तुकडे टाकावेत.